समोर दिसणारी बेटं: सेंट मार्टिन, साबा, सेंट बार्ट्स आणि अँग्विला

कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिनच्या नैऋत्येला साधारण ४५ किलोमीटरवर साबा. आग्नेयेला, त्याहून जवळ, सेंट बार्ट्स. आणि उत्तरेला अँग्विला, इतकं जवळ की रात्री तिथले दिवे दिसतात. हवा स्वच्छ असेल तर सेंट मार्टिनच्या डोंगरावरून तिन्ही बेटं एका नजरेत येतात. तरी एकाला वाळूचा किनाराच नाही, दुसऱ्याला डोंगर नाही, तिसऱ्यावर सामान्य माणसाला परवडेल असं काही नाही.

हे असं का, याचा माझ्या मनाशी एक अंदाज होता: बेटावर उतरायला जागा किती आणि कशी, यावर तिथलं बाकीचं ठरतं. दगड, बंदर, धावपट्टी, मग त्यामागून माणसं आणि पैसा. म्हणून क्रूझ नको, आपण आपल्या पायांनी उतरायचं, असा माझा हट्ट. नवऱ्याची अट एवढीच की बोटीचे प्रवास कमीत कमी, कारण त्याला बोट लागते. कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून घरी आलेल्या लेकीला डायव्हिंग हवं होतं.

न्यू जर्सीहून विमान साडेचार तासांच्या आसपास घेतं. त्याआधी व्हिसाचं एक प्रकरण असतं. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. फ्रान्सचा शेंगेन व्हिसा या फ्रेंच बेटांना आपोआप लागू होत नाही. डच बेटांचे नियम निराळे, ब्रिटिश अँग्विलाचे आणखी निराळे. तुमच्याकडे कुठला पासपोर्ट आणि कुठला व्हिसा आहे त्यानुसार प्रत्येक झेंड्याचं स्वतंत्र तपासून घ्या, आणि तिकीट काढण्याआधी घ्या.

शनिवार: माहो

बेट ८७ चौरस किलोमीटरचं. त्यातला मोठा उत्तर भाग फ्रेंच, छोटा दक्षिण भाग डच. विमानतळ डच बाजूला. १९४२ मध्ये अमेरिकेने युद्धासाठी इथे पट्टी बांधली. १९४४ मध्ये हॉलंडची युवराज्ञी युलियाना तिथे उतरली, म्हणून विमानतळाला तिचं नाव. आज धावपट्टी साधारण २,३०० मीटर आहे, म्हणजे युरोपातून येणारी रुंद विमानंही थेट उतरतात. त्यामुळे हॉटेलं, कॅसिनो, भाड्याच्या गाड्या आणि वाहतुकीची कोंडी, सगळं इथेच.

धावपट्टीचं टोक आणि समुद्र यांच्यामध्ये एक रस्ता आणि माहोची वाळूची चिंचोळी पट्टी आहे. विमान डोक्यावरून इतक्या खालून जातं की चाकांमधले नट दिसतात. शेजारच्या बारमध्ये सर्फबोर्डवर विमानांच्या वेळा खडूने लिहिलेल्या. लोक पेले घेऊन पाण्यात उभे राहतात आणि विमान गेलं की टाळ्या वाजवतात. उतरणारं विमान बघायला मजा आहे, पण उडणाऱ्याच्या मागे कुंपणाला लटकणं हा वेडेपणा आहे. इंजिनाच्या झोताने माणूस उडून आपटतो. २०१७ मध्ये एका पर्यटक महिलेचा त्यातच मृत्यू झाला. तसे इशारे देणारे मोठे फलक लावलेत आणि त्या फलकांखाली उभं राहूनच लोक लटकत होते. अर्धा तास पुरे. पोहायला याहून चांगले किनारे बेटावर पुष्कळ आहेत.

रविवार: एका बेटाचे दोन देश

सीमेवर एक स्तंभ, दोन झेंडे आणि 'सुस्वागतम्' छापाची पाटी. पोलीस नाही, फाटक नाही. २३ मार्च १६४८ रोजी काँकॉर्डिया नावाच्या टेकडीवर फ्रेंच आणि डचांनी बेट वाटून घेतलं. दोघे पाठीला पाठ लावून चालत निघाले, फ्रेंच माणूस वाईन पिऊन आणि डच माणूस जिन पिऊन, म्हणून फ्रेंचांना जास्त जमीन मिळाली, ही गोष्ट प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो. गोष्ट बनावट आहे, पण टॅक्सीवाल्यांना फार आवडते. डच आले होते ते फिलिप्सबर्गच्या, म्हणजे आजच्या डच राजधानीच्या, मागच्या मिठागरासाठी. हेरिंग मासा खारवायला त्यांना मीठ लागायचं.

सीमा दिसत नसली तरी पदोपदी जाणवते. डच बाजूला विजेचा दाब ११० व्होल्ट, फ्रेंच बाजूला २२०. इकडून तिकडे फोन केला तर तो परदेशी फोन. फ्रेंच बाजूला युरो, डच बाजूला २०२५ पासून नवा कॅरिबियन गिल्डर, आणि दोन्हीकडे प्रत्यक्षात चालतो तो अमेरिकन डॉलर. मला सर्वांत लक्षात राहिलं ते वेगळंच. फ्रान्सने १८४८ मध्ये गुलामगिरी बंद केली, हॉलंडने १८६३ मध्ये. मधली पंधरा वर्षं कायद्याने डच बाजूचा माणूस गुलाम होता आणि टेकडी ओलांडली की मोकळा. डायमंड इस्टेट नावाच्या मळ्यातले लोक तसे पळून गेले. मग डच मळेवाल्यांनाही आपले लोक धरून ठेवणं अशक्य झालं. ज्या रस्त्याने आज आपण भाड्याच्या गाडीत गाणी लावून सीमा ओलांडतो, तिथून.

फ्रेंच बाजूची राजधानी मारिगो, तिथल्या फोर्ट लुईवर चढलो. चढ छोटा आहे. वरून अँग्विला दिसतं, पाण्यावर ओढलेली एक सपाट रेघ. तिथून पिक पॅराडी, ४२४ मीटर, बेटाचं सर्वांत उंच ठिकाण. गाडी वर ठेवताना आत काहीही ठेवू नका, असं घरमालकिणीने बजावलं होतं. आम्ही सनस्क्रीनसुद्धा बरोबर घेतलं.

ओरिएंट बेने मात्र निराशा केली. पूर्वेकडचे किनारे अटलांटिककडे तोंड करून असतात आणि मे महिन्यात तिथे सार्गासम शेवाळ येतं. तपकिरी थर काठावर साचलेला, कुजून सडक्या अंड्यासारखा वास. फोटोंमध्ये हे कधीच नसतं. या दिवसांत जाणार असाल तर पश्चिमेचे, आडोशाचे किनारे धरा. आम्ही ग्राँ काझला गेलो. पाणी स्वच्छ होतं.

ग्राँ काझमध्ये एका रस्त्यावर महागडी फ्रेंच रेस्टॉरंटं आहेत आणि त्याच रस्त्यावर 'लोलो'. लोलो म्हणजे कोळशावर भाजणारी उघडी खानावळ, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, रविवारची गर्दी. बरबटलेल्या रिब्ज, मासे, आणि जॉनी केक, तळलेल्या पिठाचा जाडसर गोळा. शाकाहारी माणसाला भात, शेंगा, तळलेली केळी एवढ्यावर निभावावं लागतं. रोख दिली तर एका युरोला एक डॉलर असा भाव पाटीवर लिहिलेला होता. हिशेब करा, डॉलर खिशात ठेवा.

२०१७ च्या ६ सप्टेंबरला इर्मा वादळाने हे बेट झोडपलं. पाचव्या श्रेणीचं वादळ. विमानतळाची इमारत पार गेली होती, ती आता नवी झाली. पण फ्रेंच बाजूला अजून काही ठिकाणी छप्पर नसलेली हॉटेलं उभी आहेत, आतून झाडं उगवलेली. लोलोवाल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे सगळ्या गोष्टी 'इर्माच्या आधी' आणि 'इर्माच्या नंतर' अशा सांगतात.

सोमवार: साबा

साबाची फेरी रोज नसते, वेळापत्रक पाहूनच बाकीची सहल आखावी लागते. नवऱ्याने गोळी घेतली, मागच्या बाजूला मध्यभागी बसला, क्षितिजावर डोळे लावले. अर्ध्या वाटेवर त्याने डोळेच मिटले. मी विषय काढला नाही.

साबा समुद्रातून सरळ वर येतं. तेरा चौरस किलोमीटरचा ज्वालामुखी, चहूबाजूंनी कडे, डोक्यावर ढग. उतरणार कुठे, हा प्रश्न बोटीवरच्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होता. फोर्ट बेचा धक्का झाला १९७२ मध्ये. त्याआधी बोटी लॅडर बेला थांबायच्या. माणसं कमरेएवढ्या पाण्यातून माल उचलायची आणि कड्यात कोरलेल्या आठशेच्या आसपास पायऱ्यांवरून डोक्यावर घेऊन वर न्यायची. पीठ, लाकूड, विटा. पियानोसुद्धा असाच वर गेला, असं सांगतात.

धक्क्यावरून टॅक्सी निघाली आणि पहिल्याच चढाला मागे बसलेल्या लेकीने माझा खांदा धरला. रस्त्याचं नाव 'द रोड'. एकच असल्यावर दुसरं नाव कशाला? डच इंजिनिअरांनी पाहणी करून सांगितलं होतं की इथे रस्ता होणं शक्य नाही. तेव्हा जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल नावाच्या गावकऱ्याने टपालाने येणारा स्थापत्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि १९३८ मध्ये गावातली माणसं घेऊन कामाला सुरुवात केली. यंत्रं नाहीत, पहार, घण आणि ढकलगाडी. १९४३ मध्ये फोर्ट बे ते द बॉटम हा तुकडा झाला. १९४७ मध्ये बेटावर पहिली मोटार आली. १९५१ मध्ये रस्ता विंडवर्डसाइड गावाला पोचला, आणि १९५८ मध्ये पूर्ण. मी घाटात वाढलेली माणूस आहे, वळणांचं मला कौतुक नाही. पण दोन्ही कडांना त्या माणसांनी रचलेल्या दगडी भिंती आजही जागच्या हललेल्या नाहीत, ते पाहून मी गप्प बसले.

टॅक्सीचालक काका साठीचे. हॅसेल आडनाव निम्म्या बेटाचं आहे, म्हणाले, त्यामुळे मी त्यांचा नातेवाईक आहे हे सांगण्यात काही अर्थ नाही.

राजधानीचं नाव 'द बॉटम', आणि ती वर डोंगरात आहे. विमानतळाकडे उतरताना लागणारं गाव हेल्स गेट. सगळी घरं पांढरी, छपरं लाल, खिडक्यांच्या झडपा बहुतेक हिरव्या. अंगणात आजी-आजोबांच्या कबरी, कडेने फुलझाडं. जमीन इतकी कमी की घरची माणसं घरापाशीच. लोकसंख्या सुमारे दोन हजार, त्यात द बॉटममधल्या मेडिकल कॉलेजचे विद्यार्थीही आले. त्यात आपली मुलंही दिसली. एका किराणा दुकानात चक्क तूरडाळ मिळाली.

आणि हे कायद्याने नेदरलंड्स आहे. १० ऑक्टोबर २०१० रोजी नेदरलंड्स अँटिलिस, म्हणजे इथल्या डच बेटांचा एकत्र गट, मोडलं, तेव्हा सिंट मार्टेन (सेंट मार्टिनची डच बाजू) नेदरलंड्सच्या राज्यांतर्गत वेगळा देश झाला आणि साबा थेट नेदरलंड्सची खास नगरपालिका. चलन मात्र २०११ पासून अमेरिकन डॉलर. सपाट हॉलंडचं सर्वोच्च शिखर त्यामुळे कॅरिबियनमध्ये आहे. ते दुसऱ्या दिवशी चढायचं होतं.

मंगळवार: १,०६४ पायऱ्या आणि गरम वाळू

डोंगर सकाळी, समुद्र दुपारी. हा क्रम उलटा करता येत नाही. डायव्हनंतर शरीरात नायट्रोजन साठलेला असतो, त्यावर लगेच उंचावर गेलात तर धोका. साबावर राहायची जागाच चारशे-पाचशे मीटरवर असल्यामुळे डायव्हिंगवाले हा हिशेब आधीच विचारून घेतात.

माउंट सीनरी, नकाशावर ८८७ मीटर. विंडवर्डसाइडहून पायऱ्या सुरू होतात, मोजून १,०६४, ओल्या आणि शेवाळलेल्या. रायगडाच्या पायऱ्या पावसाळ्यात चढलेल्या माणसाला गुडघ्यांची ही भाषा कळते. फरक एवढा की इथे एका तासात तीन वेगवेगळी जंगलं लागतात. खाली आंबा आणि केळी. मग अळूचे मोठ्ठे भाईबंद, त्यांची पानं लेकीच्या उंचीची. मग वृक्षनेचे, आणि माथ्यापाशी ढगात राहणारं खुजं जंगल, प्रत्येक फांदीवर हातभर शेवाळ, थेंब सतत टपकत. जांभळ्या गळ्याचा हमिंगबर्ड एकदा कानाजवळून गेला. माथ्यावर पोचलो तेव्हा ढगाने काहीही दाखवलं नाही. दहा मिनिटांनी एक खिडकी उघडली, खाली विंडवर्डसाइडची लाल छपरं, मागे समुद्र, पुन्हा बंद. नवरा खूश होता. जमीन हलत नव्हती ना.

दुपारी तो लेस बघायला गेला आणि आम्ही दोघी बोटीवर. आधी लेसचं सांगते. एकोणिसाव्या शतकात काराकासच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकून आलेल्या गर्ट्रूड जॉन्सन यांनी कापडातले दोरे काढून नक्षी भरण्याचं काम इथल्या बायकांना शिकवलं. पुरुष जहाजांवर महिनोन्‌महिने बाहेर, बायका घरी, आणि टपाल सुरू झाल्यावर त्या अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना पत्रं लिहून माल विकायच्या. बंदर नाही, धक्का नाही, पण धंदा होता. नवऱ्याने आणलेला रुमाल मी वापरणार नाही, चौकटीत लावणार आहे.

साबाचं मरीन पार्क १९८७ चं. बेटाभोवती भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत सगळा समुद्र त्यात येतो. बोटींनी नांगर टाकायचा नाही, ठरलेल्या बोयांना (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना) बांधायचं, आणि स्थानिक डायव्हिंग केंद्राशिवाय पाण्यात उतरायचं नाही. हे नियम कडक आहेत आणि त्याचं फळ पाण्याखाली दिसतं. मी शिकले तारकर्लीला, तिथे हात पुढे केला की हात दिसला तर नशीब. इथे पंचवीस मीटरवरचा कासवाचा डोळा दिसत होता. खडक काळे, लाव्हाच्या गोठलेल्या भिंती, त्यांच्यामध्ये वाळूचे बोळ. त्या ठिकाणाचं नावच लॅडर लॅबिरिंथ, जुन्या पायऱ्यांच्या खालचा समुद्र. तिथे एका जागी वाळू पिवळी पडलेली. आमच्या गाइडने खूण केली, मी बोटं खुपसली, आणि झटकन बाहेर काढली. गरम! बेट विझलेलं नाही, झोपलेलं आहे. लेकीने पाण्याखाली हसण्याचा प्रयत्न केला, मास्कमध्ये पाणी शिरलं, मग ते काढत बसली.

खडकाच्या खोबणीत एक नर्स शार्क निवांत पडला होता. आम्ही त्याला पाहिलं, त्याने आमची दखल घेतली नाही.

बुधवार: चारशे मीटर

साबाला किनारा नाही म्हटलं ते जवळजवळ खरं. वेल्स बेला वाळू काही महिने येते आणि काही महिने जाते. आम्ही गेलो तेव्हा थोडी आली होती, गोटे जास्त. पण किनारा नसल्याने बेट वाचलं, असं हॉटेलवाल्या ताई अगदी सहज म्हणाल्या. मोठं हॉटेल बांधायला सपाटी नाही, मोठी बोट लागायला बंदर नाही, मोठं विमान उतरायला जागा नाही. बेटावर एकही ट्रॅफिक सिग्नल मला दिसला नाही.

दुपारी परतीचं विमान. नवऱ्याने हे तिकीट आनंदाने काढलं होतं, धावपट्टी बघेपर्यंत. ४०० मीटर लांब, जगातली सर्वांत छोटी व्यापारी धावपट्टी, दोन्ही टोकांना कडा आणि खाली लाटा. फ्लॅट पॉइंट ही बेटावरची एकमेव बरी सपाट जागा, जुन्या लाव्हाच्या ओघाने तयार झालेली. १९५९ मध्ये रेमी द हाएनन नावाच्या वैमानिकाने इथे पहिल्यांदा विमान उतरवलं. त्यासाठी गावकऱ्यांनी हाताने दगड वेचून जागा साफ केली होती. विमानतळ झाला १९६३ मध्ये. या माणसाचं नाव ध्यानात ठेवा.

एकोणीस आसनी ट्विन ऑटर. वैमानिकाने ब्रेक दाबून इंजिनं पूर्ण ताकदीने फिरवली, सगळं विमान थरथरलं, मग ब्रेक सोडला. कडा संपण्याआधीच आपण हवेत असतो. बारा-पंधरा मिनिटांत सेंट मार्टिन. नवरा म्हणाला, बोटीपेक्षा बरं. म्हणजे बघा.

संध्याकाळी फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर. क्रूझच्या प्रवाशांसाठीची दागिने, घड्याळं, कॅमेऱ्यांची रांग, आणि बरीच दुकानं सिंधी कुटुंबांची, करमुक्त बंदरामुळे आलेली. एका दुकानातल्या काकांनी आम्ही मराठीत भांडत असताना मध्येच विचारलं, "पुण्याचे का?" ते उल्हासनगरचे. मग चहा आला, घरून आणलेल्या थर्मासमधला. माल घेण्याचा आग्रह त्यांनी केला नाही. उलट, बोट लागते तर उद्या सेंट बार्ट्सला कशाला जाता, असं नवऱ्याला समजावत बसले.

गुरुवार: सेंट बार्ट्स

त्यांचं ऐकायला हवं होतं, असं नवरा आजही म्हणतो. सेंट बार्ट्स वाऱ्याच्या दिशेला आहे. जाताना बोट व्यापारी वाऱ्यांच्या लाटांवर समोरासमोर आदळत जाते. पाऊणएक तास. कागदी पिशव्या आधीच वाटतात.

त्यात तो दिवस ख्रिस्ती स्वर्गारोहणाचा, फ्रेंच सुट्टी. गुस्ताविया बंदरातली नामांकित दुकानं बंद. माझ्या मते हा दिवस उत्तम निवडला गेला.

गुस्ताविया हे नाव स्वीडनच्या तिसऱ्या गुस्ताव राजाचं. १७८४ मध्ये फ्रान्सने गोथेनबर्गच्या बंदरातल्या व्यापारी हक्कांच्या बदल्यात हे बेट स्वीडनला दिलं, १८७८ मध्ये परत घेतलं. स्वीडनने बंदर करमुक्त ठेवलं होतं. रस्त्यांच्या पाट्यांवर अजून स्वीडिश नावं आहेत. जमीन कोरडी आणि खडकाळ, ऊस पिकत नाही, म्हणून उसाचे मोठे मळे झाले नाहीत. गरीब नॉर्मन आणि ब्रेतों शेतकऱ्यांचं बेट. मग विमान आलं. ते इथल्या सँ ज्याँच्या गवताळ माळावर १९४० च्या दशकात पहिल्यांदा उतरवणारा तोच, रेमी द हाएनन. पुढे तो या बेटाचा महापौर झाला, किनाऱ्यावरच्या खडकावर त्याने हॉटेल काढलं, आणि आज विमानतळाला त्याचं नाव आहे. एकाच माणसाने दोन बेटांना दार उघडून दिलं. एकात श्रीमंत शिरले, दुसऱ्यात शिरता आलं नाही, कारण तिथे वाळू नव्हती.

इथली धावपट्टी ६५० मीटरची. टेकडीच्या खिंडीवरून विमान एकदम खाली झेप घेतं आणि पळत समुद्रकाठच्या वाळूपाशी थांबतं. खिंडीतल्या चौकात उभं राहिलो. माहोपेक्षा हे जास्त भीतीदायक आणि गर्दी दहापट कमी.

उघड्या असलेल्या एका बेकरीतून बॅगेट, म्हणजे लांबट फ्रेंच पाव, घेतले आणि फ्लामांद किनाऱ्याच्या टोकापासून कोलोंबिएची पायवाट धरली. तिथे गाडी जात नाही. निवडुंग, बकऱ्या, वाटेत एक लाल पायांचं जमिनीवरचं कासव. अर्ध्या तासात खाली पांढरी वाळू, आडोशाचं पाणी. स्नॉर्केल लावून शिरलो तर गवत चरणारं समुद्री कासव. हे सगळं फुकट. परतताना वारा मागून होता, बोट शांत चालली. नवरा मात्र तोवर काही खायला तयार नव्हता.

शुक्रवार: अँग्विला डे

मारिगोहून फेरी, वीस-पंचवीस मिनिटं. तिकिटाशिवाय बंदराचा कर वेगळा, परत येताना अँग्विलाचा वेगळा. बेटांचा प्रवास असा कणाकणाने महागतो. ब्लोइंग पॉइंटला उतरलो आणि गाडी डाव्या बाजूने चालवायची. तीन आठवडे आधी मी हट्टाने ३० मे ही तारीख धरली होती, कारण या दिवशी बेटाला वळसा घालणारी होड्यांची शर्यत असते.

अँग्विला म्हणजे चुनखडीचा सपाट पट्टा, २६ किलोमीटर लांब, रुंदी जेमतेम पाच. उंची सत्तर मीटरच्या आसपास संपते. पाऊस कमी, ऊस पिकला नाही. तेहतीस किनारे, असं इथले लोक अभिमानाने सांगतात. ब्रिटिशांनी कारभाराच्या सोयीसाठी हे बेट दूरच्या सेंट किट्सला जोडून टाकलं होतं. १९६७ मध्ये ही व्यवस्था पक्की झाली तेव्हा अँग्विलाचे लोक उठले. ३० मे १९६७ रोजी त्यांनी सेंट किट्सचे पोलीस बेटावरून घालवून दिले. जुलैमध्ये मतदान घेतलं: सेंट किट्सपासून सुटायचं म्हणणारे १,८१३, विरोधात ५. नेते रोनाल्ड वेब्स्टर. गंमत अशी की त्यांना ब्रिटनपासून फुटायचं नव्हतं, ब्रिटनच्या थेट हाताखाली यायचं होतं. लंडनला हे समजायला वेळ लागला. १९ मार्च १९६९ च्या पहाटे ब्रिटिश छत्रीसैनिक आणि लंडनचे पोलीस बेटावर उतरले. लढाई होईल या तयारीने. एकही गोळी झाडावी लागली नाही. किनाऱ्यावर त्यांची वाट बघत उभे होते ते वार्ताहर. सेंट किट्सपासून कायद्याने पूर्ण सुटका १९८० मध्ये झाली.

सकाळी संचलन, गणवेशातली मुलं, भाषणं लांबलेली. नंतर सगळी गर्दी सँडी ग्राउंडला. एका बाजूला जुनं मिठागर, दुसरीकडे समुद्र, मध्ये रस्ताभर गाणी आणि धूर. होड्या लाकडी, उघड्या, डेक नसलेल्या, आणि शीड होडीच्या मानाने अवाढव्य. खलाशी दाटीवाटीने एका कडेला लटकतात, बुडाशी वजनासाठी वाळूची पोती. शर्यतीची सुरुवात मजुरीतून झाली. इथली माणसं उसाच्या तोडणीसाठी डोमिनिकन रिपब्लिकला शिडाच्या बोटींनी जायची आणि परतीच्या वाटेवर कोणाची बोट पुढे, यावर चढाओढ लागायची. क्रिकेटवेड्या कॅरिबियनमध्ये या बेटाचा राष्ट्रीय खेळ होड्यांचा आहे.

शर्यत एका जागी बसून बघायचीच नसते. होड्या सुटल्या की गाड्या सुटतात, किनाऱ्याकिनाऱ्याने. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी नवऱ्याला हाताला धरून गाडीत बसवलं, "चला, तिकडून वळताना दिसेल." मग पुढचे काही तास आम्ही या बेटाच्या कच्च्या रस्त्यांवरून एका होडीचा पाठलाग केला जिचं नावही आम्हाला सकाळपर्यंत माहीत नव्हतं. आजोबांची होडी हरली. त्यांचं म्हणणं, वळसा चुकीचा घेतला, आणि हे ते रात्रीपर्यंत भेटेल त्याला सांगत होते. रात्री ताटभर ऐवज मिळाला: भात आणि ओल्या तुरीचे दाणे, सोबत भाजलेला क्रेफिश. तूर इथे रोजच्या जेवणात आहे. लेक म्हणाली, आई, हा तर आपला भात, फक्त फोडणी राहिली.

शनिवार: शोल बे

शोल बे ईस्टची वाळू पिठासारखी बारीक, प्रवाळ झिजून झालेली. ज्वालामुखी नाही म्हणून काळी वाळू नाही, नद्या नाहीत म्हणून गाळ नाही, आणि गाळ नाही म्हणून पाणी काचेसारखं. साबाच्या अगदी उलटं. सकाळी आठला किनाऱ्यावर आम्ही आणि दोन कुत्री. दुपारी मीड्स बेला गेलो, तिथे आलिशान हॉटेलं आहेत. किनारा कुठलाही असो, वाळूवर बसायला कोणी अडवत नाही. छत्रीखाली बसलात तर मात्र बिल येतं.

बेटाला पैसा आता आणखी एका दाराने येतो. इंटरनेटवर प्रत्येक प्रदेशाला दोन अक्षरं मिळतात, अँग्विलाच्या वाट्याला नव्वदच्या दशकात 'एआय' आलं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना तेच हवं आहे. २०२३ मध्ये त्यातून सुमारे ३.२ कोटी अमेरिकन डॉलर मिळाले, सरकारी महसुलाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. यासाठी धक्का लागला नाही की धावपट्टी. माझा अंदाज इथे साफ अपुरा पडला, असं लेकीने मला ऐकवलं. ती संगणकशास्त्र शिकते, तिला हे सांगण्यात विशेष आनंद होता.

धावपट्टीही वाढलीच आहे. २०२१ च्या डिसेंबरपासून मायामीहून थेट विमान येतं, त्यामुळे आमच्यासारखं मारिगोहून होडीने येणं आता सक्तीचं नाही. तरी फेरीनेच या. बेट इतकं सखल आहे की आधी नारळ दिसतात, मग घरं, आणि जमीन सर्वांत शेवटी.

रविवार

१ जून, वादळांचा हंगाम कागदोपत्री आजपासून. घरमालकीण गच्चीवरच्या खुर्च्या आत घेत होती, हसत म्हणाली, अजून काही नाही, पण सवय.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. साबाला किमान दोन रात्री द्या, दिवसाची सहल करून डोंगर आणि समुद्र दोन्ही होत नाहीत. सेंट बार्ट्स एका दिवसात पुरे, खिसा फार मोठा नसेल तर. अँग्विलाला गाडी लागतेच, सार्वजनिक बस नाही. सेंट मार्टिनला राहायचं तर फ्रेंच बाजूला, आणि विमान पकडायच्या दिवशी सिम्पसन बेचा पूल उघडण्याच्या वेळा विचारून निघा, बोटींसाठी तो वर होतो आणि गाड्या खोळंबतात.

साबाच्या शेजारी आणखी एक डच बेट आहे, सिंट युस्टेशियस. त्याच्या ज्वालामुखीच्या विवरात उतरता येतं. लेकीने परतीच्या विमानातच त्याचं वेळापत्रक काढलं. फेरीही आहे आणि छोटं विमानही. नवऱ्याने फक्त विमानाचा कॉलम वाचला.